दरवाजातली कडी

रविवार, संध्याकाळ

आज ती कडी नडली. जुन्या शहराच्या दरवाजाच्या दगडात ठोकलेली लोखंडी कडी. दर रविवारी पाहुण्यांना शहर दाखवताना मी तिथं थांबतो. खाली बसून कुलपं दुरुस्त करणाऱ्या रहीमचाचांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, ताडपत्री बांधायला ती त्यांच्या अब्बांनी ठोकली. पण ताडपत्रीच्या कडीचा फोटो कोण काढणार? मी गोष्ट रचून तिथं सरदाराचा घोडा बांधला. चार वर्षं बांधतोय.

आज चाचाच नातीला सांगत होते, "इथं सरदाराचा घोडा बांधायचे, बेटा."

पाहुणे पुढं गेल्यावर मला राहवलं नाही. "चाचा, ती तर तुमच्या अब्बांनी ठोकली ना?"

चाचा हसले. "मलाबी तसंच वाटायचं, सर. पण तुम्ही शिकलेले. माझीच काय तरी गल्लत झाली असंल."

तेव्हाच का नाही सांगितलं, की घोडा माझा आहे?

कडीला लोंबकळत नातीनं विचारलं, "घोड्याचं नाव काय होतं?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं.

आणि मी नाव सांगितलं.