पावडरीचा चौक

कल्याण, माघातला मंगळवार

परदेशी मदत दुधाच्या पावडरीच्या रूपाने यावी, की सुईणींना शिकवणाऱ्या वर्गाच्या? घरातली पहिली बी.ए. मी, पण याचं उत्तर मला येत नाही. उद्या परदेशी पाहुणे खाडीकाठच्या गावात येणार आणि दोन्हींपैकी एकच योजना चालू ठेवणार.

मदत वाटणाऱ्या आमच्या कचेरीच्या साहेबांचा कल पावडरीकडे. "पोरं पेले घेऊन रांगेत उभी करा. दूध डोळ्यांना दिसतं. शिक्षण कुठे दिसतं?"

आज त्याच गावातल्या हिराबाई सुईणीकडे गेले, तर भिंतीवर नातीच्या लग्नाचा चौक, लग्नघरात काढतात ते पांढरं चित्र. तांदळाच्या पिठाऐवजी आमच्या पावडरीने काढलेला! मी रागावले, तर म्हणते कशी, "बाय, तुजा दूध पोरांना नाय पचला. पन पीठ वाचला, त्याच्या भाकऱ्या पोरांनीच खाल्ल्या ना?" बायका हसत सुटल्या. मीही.

मग पावडर वाया गेली म्हणायची का? तेही नाही.

पण पावडरीच्याच रिकाम्या डब्यात हिराबाई कात्री उकळत होती, वर्गात शिकवल्याप्रमाणे. शेजारची सून बाळंत व्हायची होती. मागे तिचंच पहिलं बाळ धनुर्वाताने गेलं, तेव्हा नाळ विळ्याने कापली होती.

पावडर संपेल. उकळायची सवय राहील. एवढं मला पक्कं कळतं.

कचेरीत परत येऊन साहेबांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "आधी तो चौक पुसायला लावा."

मी सरळ नकार दिला. पाहुणे पहिल्यांदा हिराबाईच्याच दारात जातील, चौक आणि डबा दोन्ही पाहतील. घरी येताना पाहुण्यांच्या गाडीवाल्याला तिच्या दारापर्यंतचा रस्ता समजावून आले.