लंकामावशीची खुर्ची

ती. लंकामावशी,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी सकाळी माझी मॅमोग्राफी झाली.
२. ती मीनाने केली. तिला हे काम मीच शिकवलं.
३. अहवाल : गाठ दिसली नाही, पण स्तन दाट. पुढच्या शुक्रवारी सोनोग्राफी.
४. अर्जात ‘सोबत कोण’ या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं. तू तेव्हा हरसूलला होतीस.

आता नमस्कार. गुडघे कसे आहेत? कोंबड्या किती उरल्या?

घाबरू नकोस. आईला त्रेचाळिसाव्या वर्षी कॅन्सर निघाला, म्हणून डॉक्टरांनी मला ही तपासणी दहा वर्षं आधी सुरू करायला सांगितली. दाट असणं हा आजार नव्हे. चित्रात चरबी काळपट दिसते, ग्रंथी पांढऱ्या, आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपू शकते. (हाताला हे कळत नाही. तपासून पाहिलंस तर उगाच दुखेल.) कारणं मला पाठ आहेत : वय कमी, अंग बारीक, मूल झालेलं नाही. सोमवारी ती स्वतःला सांगताना लक्षात आलं, की हीच यादी तू मला दर दिवाळीला ऐकवतेस. ‘लय वाळलीस गं, पदरात एक पोर नाय.’ मतभेद फक्त वयाबद्दल आहे. तेहेतीस हे तुझ्या मते फार झालं, यंत्राच्या मते कमी.

फजिती वेगळीच झाली. काखेत पावडर लावून येऊ नका, चित्रात ठिपके उमटतात, असं मी रोज तीस बायकांना बजावते. त्या दिवशी मीच लावून गेले. मीनाने ओला कापूस हातात दिला आणि छताकडे बघत उभी राहिली. (शिकवण चांगली झाली आहे.)

त्याआधीचं सांगायचं राहिलं. बायकांना स्वतःचं नाव पुकारलेलं आवडत नाही, म्हणून सोबतच्या माणसाचं नाव पुकारायचं, हा नियम आमच्याकडे मीच आणला. दारावरच्या भागीबाईंनी तीनदा हाक मारली : ‘लंकाबाईंच्या पेशंट!’ मी बसून राहिले. शेजारची, देवळाली कॅम्पहून आलेली बाई म्हणाली, ‘चहाला गेल्या असतील. येतीलच ना?’ मी हो म्हटलं. तिने लगेच माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. दोघींना उठवलं, ‘इथे लंकाबाई आहेत’ म्हणून. मी तपासणी करून बाहेर आले तरी पिशवी तिथेच. ‘अजून नाही आल्या हो,’ ती म्हणाली. तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं असावं.

तर, विचारायचं ते असं. दाटपणा घराण्यातूनही येतो. हरसूलच्या शिबिरात तुझीही हीच तपासणी झाली होती, तो कागद शोधून त्यावर काय लिहिलंय ते कळव.

तुझी
स्नेहल

ता. क. कागद नाही सापडला तरी चालेल. डॉक्टरांनी तो मागितलेला नाही.

ता. क. २. शुक्रवारचा अर्ज मी भरून ठेवला आहे. रकान्यात पुन्हा तुझंच नाव आहे. अकरा वाजता पुकारतील. सोनोग्राफीला सोबत लागत नाही, हे मला माहीत आहे. येतेस की नाही, ते बुधवारपर्यंत कळव.