शालूच्या पाण्यात विसण

सोमवार, ८ ऑगस्ट ८३
पहिली आली ती शेजारची सावंतीण, चहा टाकायच्या आत. "काकी, चाळीत डॉक्टर आलेत, कावीळ मोजायला!" म्हटलं, कावीळ काय मोजायची? पण खरंच आले. दोघं. त्यातली पोरगी एवढीशी, वेणीवाली, तीच मोठी डॉक्टर! फतकल मारून जमिनीवर बसली. "आजी, घरात कोणाला कावीळ झाली होती?" जमलेल्या बायका सगळ्या नाही नाही. मी सांगून टाकलं, आमच्या नातीला, पिंकीला, आषाढात झाली, गळ्यात माळ घातली, उतरली. मग सावंतिणीचा नवरा निघाला, माळ्यावरची भावंडं निघाली. सुटलेलं घर सापडेना. नळाचा पाइप गटारातून जातो, तो वाकून बघून आली. साडी चिखलात, पर्वा नाही.
मग आमच्या सुनेकडे बघितलं. शालूला सातवा. पोरीचं हसू गेलं. म्हणाली, ही कावीळ बाकीच्यांना नुसती झोपवते, पोटुशीच्या मात्र जिवावर बेतते. उकळलेलंच पाणी द्या म्हणाली.

मंगळवार, ९
स्टोव्हवर पातेलं. रॉकेल संपलं तर संपू दे.

गुरुवार, ११
परत आली ना पोरगी! मी ऐटीत पातेलं दाखवलं. खळाखळा उकळलेलं. शालूला तहान लागलेली, भांडं भरलं, कढत होतं म्हणून माठातलं विसण घातलं, आंघोळीला घालतो तसं. "अहो आजी! मग उकळलंत कशाला?" भांडं हातातून काढूनच घेतलं. शालू तोंडाला पदर लावून हसते. मला मेलीला रडू. मंगळवारपासून तेच पाजत होते गं.
रागावली नाही पोरगी. माझा हात धरला. शालूला उजेडात नेऊन डोळे बघितले. पिवळं दिसत नाही म्हणाली, तरी रक्त काढलं. हात काय हलका! शालूला कळलंसुद्धा नाही. माझंही काढलं. म्हणे तुम्हाला लहानपणी होऊन गेली असेल, कळली नसेल.

शुक्रवार, १२
पाणी उकळून, झाकून, गार केलं. विसण नाही. शालू भात टाकून उठली. मळमळतंय म्हणते. दिवसांचं असेल. असेल ना? सारखे डोळे बघते तिचे. "आई, अशा बघत राहिलात तर तुम्हालाच पिवळं दिसेल." शहाणी माझी.
रक्ताचं सांगायला उद्या शनिवारी येते म्हणालीय. नागपंचमी आहे, पातोळ्या करणार. वाफेवर उकडलेल्या, नाही कशी म्हणेल?