पांढऱ्या भिंती

३ मार्च
वहिनीला मुलगा झाला! दादाचा फोन. मागून आईचा आवाज – "आत्याबाईंना म्हणावं, पुस्तकं मिटा आणि या आता." दिवसभर प्रयोगशाळेत उगाच हसत होते.

६ मार्च
प्रयोगशाळेत मॅडमनी आमच्या भागाचा नकाशा लावला. छातीच्या त्या दुखण्याने गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक लाल ठिपका. सगळे नदीच्या आमच्या गावाकडच्या काठाला. पलीकडे जवळजवळ नाहीतच – तिथला खडक काळा, टणक. आमचा पांढरा, नखाने ओरखडला तरी भुगा होणारा.
त्यातला एक ठिपका अण्णांचा, माझ्या वडिलांचा. मॅडमना सांगितलं नाही. अण्णा गेले तेव्हा सगळे म्हणाले होते, "यांच्या घराण्यातच छाती कच्ची."

७ मार्च
सुटीत घरून आणलेली माती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सुया! केसाहून कितीतरी बारीक. त्याच खडकाची माती. हीच कालवून आम्ही भिंती पोतारतो. हीच चाळून बाळाच्या अंगाला पावडरीसारखी लावतो. मलाही लावली असणार.
सांगावं का? एका नमुन्यावर? मी चुकले असेन तर आई उगाच हाय खाईल.

८ मार्च
राहवलं नाही. फोन केला.
"आई, बाळाला ती पांढरी माती लावू नकोस. वाईट आहे ती. भिंतीवरचीसुद्धा."
"अगं, तुम्ही दोघं त्यातच लोळून मोठे झालात!"
"आणि अण्णा?"
 "बरं. एवढं शिकलीस ती कशासाठी? तू म्हणशील तसं."
आईने माझं इतक्या पटकन कधी ऐकलं नव्हतं.

१० मार्च
मॅडम म्हणाल्या, भिंत आहे तशी राहिली तर धोका कमी. तिला हात लावायचा नाही. कोरडी खरवडली की सुया हवेत उडतात, छातीत जाऊन बसतात, आणि वीस-तीस वर्षं पत्ता लागू देत नाहीत. वरून रंगाचा जाड थर द्यायचा, बस्स.
हे आईला सांगायला हवं. पण परवा दुसऱ्या नमुन्याचा निकाल येतोय. एकदाच काय ते नीट, खात्रीने सांगेन. त्यांना सारखं सारखं किती घाबरवायचं!

१२ मार्च
दुसरा निकालही तोच. लगेच फोन लावला. दादाचा बंद. उद्या.

१३ मार्च
सकाळी आईचाच फोन. किती खूश होती! "बाळाची खोली ओळखणार नाहीस तू! दादाने आणि मी चारही भिंती खरवडल्या, तू म्हणालीस ना. कण ठेवला नाही पांढऱ्याचा. भुतं झालो होतो दोघं! आणि बाळ तिथेच पाळण्यात – इतकं गुणी गं, रडलंसुद्धा नाही. दोनदा शिंकलं फक्त."