डबा मागच्या दाराने

बाबा, त्या दिवशी आईने तुमचा डबा मुद्दाम ओट्यावर ठेवून घेतला होता. तुम्ही घाईत होता, पिशवीत न बघताच बस पकडायला निघून गेलात. दिल्लीत मुनिरक्याच्या त्या एका खोलीत पाणी लवकर यायचं आणि लवकर जायचं. आई बादल्या भरते, तुमचा दुसरा गणवेश भिजवते, स्टोव्ह पुसते, संध्याकाळची कणिक मळून ओल्या फडक्याखाली ठेवते, आणि मग एकदम डोक्यावरून पाणी घेते. सण नाही, पाहुणे नाहीत, तरी ट्रंकेतून निळ्या काठाची पांढरी साडी निघते. मी विचारलं, कुठे चाललो? "तुझ्या बाबांचा डबा राहिलाय. द्यायला नको?" असं म्हणाली आणि हसली. त्या हसण्यावरून मला कळलं की डबा राहिलेला नाही, ठेवलेला आहे. जिथे कोणालाही फुकट जाता येतं तिथे जायलाही तिला निमित्त लागलं, कारण तुम्ही तिला कधी चल म्हणाला नव्हता.

तिला जावंसं वाटलं तेही तुमच्यामुळेच. रोज जेवताना तुम्ही ज्या संग्रहालयाच्या दारावर नोकरीला होता त्याची गोष्ट सांगायचात. एका लाकडाच्या व्यापाऱ्याने आपला बंगला आणि सगळी चित्रं शहराला देऊन टाकली आणि एकच अट घातली, दाराशी कधी तिकीट लागता कामा नये. त्याची मुलं भांडली. सुरुवातीला चित्रं बघायला कोणी येईना, टांगेवाले तेवढे उन्हातून सावलीला यायचे. त्यांना हाकलायला व्यवस्थापकाने एक माणूस ठेवला, तर म्हाताऱ्या व्यापाऱ्याने त्या माणसालाच काढलं आणि प्रत्येक चित्रासमोर बाक टाकून घेतला. दमलेला माणूस आधी बसेल, मग बघेल, असं त्याचं म्हणणं. यवतमाळकडचं कोणी घरी आलं की तुम्ही हे पहिल्यापासून सांगायचात आणि शेवटी म्हणायचात, "आपल्या माणसांनी पाहिलं पाहिजे." आई भाकरी थापता थापता ऐकायची. उरलेल्या माहितीपुस्तिका तुम्ही घरी आणायचात आणि आई त्या फडताळात डब्यांखाली अंथरायची. पुढे सातवीनंतर तुम्ही माझी शाळा बंद केलीत, तेव्हा मी डबे बाजूला करून करून त्याच वाचल्या. आज मी जे काही वाचते त्याची सुरुवात तिथली. हे तुमचं देणं आहे, पण तुम्ही ते दिलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही पायऱ्यांवर उभे होता, पितळी बटणं लावून. कॉलेजची दोन मुलं आली. "आइए, आइए, बिल्कुल फ्री है," असं म्हणत तुम्ही त्यांना दार उघडून दिलंत. मग तुम्हाला आम्ही दिसलो. तुम्ही खाली उतरलात आणि माझ्या आईशी हिंदीत बोललात. "इधर से नहीं. टिफिन पीछे के दरवाज़े पे दो, बाई."

मी "बाबा" म्हणायला तोंड उघडलं तर आईचा हात माझ्या तोंडावर आला, साबणाच्या वासाचा. तेवढ्यात तुमचे मोठे साहेब बाहेर आले. "कौन है?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "खाना बनाती है, सर." साहेब भले होते. "तो अंदर आने दो न, धूप में क्यों खड़ा किया है? सबके लिए है." आणि तुम्ही हसलात, बाबा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा आवाज मला आता नीट आठवत नाही, पण ते हसणं आठवतं. "नहीं सर, इनको क्या समझेगा."

जाताना आई फक्त म्हणाली, "टिफिन शाम को याद से ले आना, साहब."

आम्ही वळसा घालून मागे गेलो. तिथे कचऱ्याचे डबे होते आणि एक लोखंडी जाळीचं दार. आत स्टुलावर आईने डबा ठेवला. जाळीतून आतल्या दालनातल्या एका चित्राचा कोपरा दिसत होता, सोनेरी चौकट आणि तिच्या आत थोडं काळपट पाणी. आई तेवढंच बघत उभी राहिली. मग म्हणाली, "चल, कणिक वाळेल."

संध्याकाळी तुम्ही आलात, पाय धुतलेत आणि म्हणालात, "समजून घे गं. तिथे माझी एक जागा आहे." आई म्हणाली, "वाढू का, साहेब?" त्या दिवसापर्यंत ती तुम्हाला 'अहो' म्हणायची. मग मरेपर्यंत साहेब. चहा घ्या, साहेब. मुलीला बघायला लोक येतायत, साहेब. शेजारणी हसायच्या, "वहिनी, साहेबांना भारीच मान देता तुम्ही!" तुम्ही मान खाली घालायचात. एकदाही म्हणाला नाहीत की तसं म्हणू नको. काही लोक याला पश्चात्ताप म्हणतील. मी म्हणत नाही. तुमच्यात तेवढी हिंमत नव्हती, एवढंच.

लग्नानंतर तुमच्या जावयाबरोबर मी आले तेव्हा मात्र तुम्ही धावत पायऱ्या उतरलात. सरकारी ऑफिसात नोकरी, इस्त्रीचा शर्ट. "या, या जावईबापू!" तुम्ही आम्हाला दालनं दाखवत फिरलात. ह्यांनी सहज विचारलं, "आई येतात का इथे?" तर म्हणालात, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. परतीच्या बसमध्ये मी ह्यांना सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी हे आईसमोर जाऊन उभे राहिले, "चला आई, मी नेतो." आई म्हणाली, "आता नको. साहेबांची ड्यूटी असते." ती ते न बघताच गेली. पुढे तुम्ही गेलात, मग हे गेले. ह्यांची आठवण रोज येते. तुमची कोणी काढली तर.

आणि गेल्या मंगळवारी ती काढली. संग्रहालयातली एक मुलगी गाझियाबादला माझ्या घरी आली होती. मराठीच, पण इकडे दिल्लीतल्या द्वारकेत वाढलेली. फडताळ म्हणजे काय ते तिला माहीत नाही. संग्रहालयाच्या इतिहासाची एक भिंत करतायत, अगदी पुढच्या दाराशी. तिथे तुमचा फोटो लावायचाय. "काकू, इतके लोक त्यांच्याबद्दल लिहितात!" असं म्हणून तिने फोनवरून वाचून दाखवलं. कोणी निवृत्त अधिकारी आहेत. मुनिरक्यात खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करायचे तेव्हा उन्हाळाभर तुम्ही त्यांना कोपऱ्यातला बाक दिलात, प्यायला पाणी दिलंत, रोज का येतोस असं कधी विचारलं नाहीत. मी हे खरं मानते. म्हणून तर जास्त राग येतो. बाक कशासाठी असतात हे तुम्हाला कळत होतं.

तिला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचे डोळे भरले असते आणि त्या भिंतीवर आईचीही एक पाटी झाली असती. आईला पाटी नको होती, बाकावर बसायचं होतं. मी म्हटलं, "फोटो देते. पण पुढे लावायचा नाही. मागच्या दाराशी लावा."

"अच्छा, स्टाफ एंट्रन्सला? कित्ती साधे लोक हो तुम्ही, काकू!"

"हो," मी म्हटलं. "जिथे डबे येतात तिथे."

दुसऱ्या दिवशी मी मेट्रोने गेले. पुढच्या पायऱ्या चढले, गार्डने दार उघडून दिलं. मागचं ते दालन तुम्ही आम्हाला दाखवलं नव्हतं. मी ते शोधलं आणि बाकावर बसले. चौकट तीच आहे. तळ्यात बसलेली एक म्हैस, काठावर वाळत घातलेलं लुगडं. त्यात न समजण्यासारखं काही नाही, बाबा. बराच वेळ बसले. मग पिशवीतून तुमचा फोटो काढला. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते, काच धुळीने भरली होती, ती मी पदराने पुसली. आणि फोटो मागच्या दाराशी नेऊन दिला.