अप्पांसाठी उजेडाची पाटी

३ नोव्हें.
आज अप्पा पुन्हा बाथरूम समजून बाल्कनीत गेले. वाळत घातलेल्या चादरी परत धुतल्या. डॉ. म्हणाल्या, दारावर दिव्याची पाटी लावा, चोवीस तास चालू, अक्षरं मोठी. ज्या माणसाने आयुष्यभर सरकारी इमारतींचं वायरिंग केलं, त्याच्यासाठी. जाऊ दे. रजा टाकली.

५ नोव्हें.
पाटी मिळाली. बोटाएवढीही जाड नाही, त्यामुळे पॉवर सप्लाय आत मावत नाही, बाहेर वेगळा लावायचा. पाटी बारा व्होल्टची, बारा वॉट. दुकानदार म्हणत होता, "मॅडम, थोड़ा बड़ा ले लो." मी भागाकार केला, एक अँपिअर. एकाचाच घेतला. मंत्रालयात इतकी वर्षं काढली की मंजुरीपेक्षा जास्त काही मागायची सवयच राहत नाही.

७ नोव्हें.
'बाथरूम' लागली. अप्पा दोनदा बरोबर गेले. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. वेडीच आहे.

१० नोव्हें.
पाटी लुकलुकतेय. अप्पा दारापाशी थांबून बघत राहतात, आत जात नाहीत. दुपारी पुन्हा बाल्कनी. मी ओरडले. त्यांनी हात जोडले. "सॉरी, ताई." स्वतःच्या मुलीला.
ओरडायला नको होतं.

११ नोव्हें.
सकाळी अप्पांनी सप्लायला उलटा हात लावला. सरळ हाताने शॉक बसला तर मूठ आवळते आणि हात सुटत नाही, हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलेलं.
"तापलाय, ताई. पूर्ण लोडवर चालवताय. तीन अँपिअरचा घ्या."
एका पाटीला दोनचा पुरेल ना, म्हटलं.
"दुसरी पण लागेल की. त्या खोलीवर. आमची मेधा यायची आहे, तिला कळायला नको तिची खोली कुठली ते?"
आवाज अगदी पूर्वीचा, साइटवरचा. खोली माझीच दाखवली. मी समोरच उभी होते.

१४ नोव्हें.
तीनचा आणला. भिंतीवर मोकळा लावला, हवा लागेल असा. उजेड स्थिर. अप्पांनी पुन्हा उलटा हात लावून बघितला. "आता बिल्कुल ठीक." माझ्याकडे बघून हसले, दुकानातल्या माणसाकडे बघून हसावं तसं. तरी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१९ नोव्हें.
'मेधा' आली. तीही बारा वॉटचीच. सप्लायवर जागा आहे, ड्रिल शेजाऱ्यांकडून आणलंय. कपाटात ठेवली.

२३ नोव्हें.
अजून कपाटातच. उद्यापासून ऑफिस. समजा लावली, अप्पांनी मोठ्याने वाचली, आणि मग मलाच विचारलं, मेधा कधी येणार, तर...
मघाशी चहा देताना म्हणाले, "ताई, ती दुसरी पाटी आली का हो?"
म्हटलं, अजून नाही आली, अप्पा.