मागच्या रांगेतला फेटा

लखनौ, जानेवारी १९५३

माझ्या अव्वास, नीलव्वाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. घोटा सुजला होता, आता बराच उतरलाय. इथं थंडी फार, पण गुरुजींच्या घरून जाड रजई मिळाली आहे. तुझ्या भाकरीची आठवण येते, आणि गुऱ्हाळाच्या वासाची तर रोजच. तुझी कंबर आता कशी आहे?

परवा गुरुजींनी मला पहिल्यांदाच मैफलीत उभं केलं. कथक छान रंगलं होतं. तेवढ्यात मागच्या रांगेत कोल्हापुरी फेटा दिसला. अप्पाच आले असं वाटून माझी सम चुकली. तबलजींनी सावरून घेतलं म्हणून बरं.

नाच संपल्यावर फेटेवाले जवळ आले. आपल्या शाहूपुरीतले अडते बसवराजकाका! गुळाच्या कामानं इकडं आले होते.

"पोरी, तुझ्या बानं धाडलंय. लेक बरी हाय का बघून ये म्हणाला. पर मी इचारलं म्हणून सांगू नगंस, असंबी म्हणाला."

नाचासाठी घर सोडल्यापासून अप्पांनी माझं नावही काढलं नाही, असं तूच लिहिलं होतंस ना? मला रडू आवरेना.

"काका, मी चांगली नाचते, एवढं अप्पांना सांगा."

"ते न्हाय बा मी सांगत. जेवतीया, अंगानं बरी हाय, एवढंच सांगतो की."

तेव्हा अव्वा, नाचाचं तूच सांग. ऐकताच अप्पा उठून बाहेरच्या सोप्यात जातील. तिथवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांग.

तुझीच लेक,
नीलव्वा